दोन डावे कान

४ सप्टेंबर, बुधवार. १३४/८६

ही वही रक्तदाबाची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी मोजा, आकडा लिहा, आणि दिवसभरात कशाने डोकं तापलं तेही लिहा. परवा त्यांच्याकडे १६२ भरला. घरी नवऱ्याने मोजला तर १३४. तुमचं यंत्र बिघडलंय, असं मी बाईंना फोन करून सांगितलंसुद्धा. नवरा म्हणाला, "बरोबर आहे तुझं." घरच्या यंत्रावरचे आकडे बारीक आहेत, चष्म्याशिवाय मला दिसत नाहीत, म्हणून तोच वाचून दाखवतो. तेवढा गुणी आहे.

डोकं कशाने तापलं, याला वहीत अर्ध्या इंचाचा रकाना दिलाय. अर्ध्या इंचात माझं काय होणार? पुढची पानं वापरते.

आमची कचेरी कान करते. आजारपणात किंवा अपघातात ज्यांचा एक कान गेला, त्यांच्यासाठी. शाबूत कानाचं स्कॅन करायचं, कॉम्प्युटरमध्ये त्याचं आरशातलं रूप काढायचं, म्हणजे डाव्याचा उजवा होतो. त्याचा साचा छापायचा आणि मामांना द्यायचा. मामा आमचे कारागीर. ते साच्यात सिलिकॉन ओततात आणि असा रंगवतात की बारीक शिरासुद्धा दिसतात.

यातलं गणित माझं. स्क्रीनवर जे काही फिरतं, सरकतं, उलटतं, त्याच्यामागे सोळा आकड्यांचा एक चौकोन असतो, मॅट्रिक्स. प्रत्येक बिंदूने कुठे जायचं ते तो सांगतो. हे सगळे हिशेब करणारी लायब्ररी, म्हणजे तयार सूत्रांची पेटी, मी एकटीने लिहिली, चौदा वर्षांपूर्वी, मालकाकडे एक टेबल आणि एक मी एवढंच होतं तेव्हा. बाहेर फुकट मिळणाऱ्या लायब्रऱ्या ढिगाने आहेत. माझी बरी आहे.

तर आज नवीचं काम चाळत होते. नवी म्हणजे सात महिन्यांपूर्वी आलेली. अडतिशीची आहे, दोन नोकऱ्या करून आलीय, कमी बोलते. कान उलटवण्याचा भाग आधी लायब्ररीबाहेर व्हायचा, तो तिने माझ्या लायब्ररीवर आणला. छान. पण माझ्याकडून आलेल्या उत्तराच्या तिसऱ्या रांगेला तिने वर आणखी उणे एकने गुणलंय! का? टीप नाही, खुलासा नाही. माझ्या उत्तराला ही बाई परस्पर उणे लावते म्हणजे काय?

ती आज रजेवर. मी ते उणे काढून टाकलं. कान स्क्रीनवर आणून गरागरा फिरवून पाहिला. कानासारखा कान. झालं.

५ सप्टेंबर, गुरुवार. १३२/८४

स्कॅनसाठी एक बसचालक आले होते. बत्तीस वर्षं बस चालवलीय. उजवा कान गाठीपायी गेला. ऐकू येतं, तो भाग आत आहे. अडचण चष्म्याची! चष्मा अडकवायला उजवीकडे काही नाही. डोक्याभोवती इलॅस्टिक बांधून आले होते, आणि दर दोन मिनिटांनी चष्मा घसरत होता.

सत्तावीस तारखेला त्यांची तपासणी आहे. चष्मा जागेवर राहिला आणि पाटी वाचता आली तर बस परत हातात. नाहीतर कायमचे डेपोत, टेबलापाशी. "बाई, मी बसून काम केलंय आयुष्यभर," ते म्हणाले, "पण हलत्या खुर्चीत."

मी खूप हसले. मग घरी येईपर्यंत तारखा मोजत राहिले. सत्तावीस म्हणजे काही लांब नाही. मामांना एका कानाला आठ दिवस लागतात.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोजला नाही. मोजायची हिंमत नव्हती.

दुपारी मामा डबी घेऊन आले. रोज हसत येतात, आज नाही. कापसातून कान काढला आणि स्वतःच्या उजव्या कानापाशी धरला. "बाई, हा डावा आहे."

"असा कसा डावा?"

"कानाची कड पुढे, गालाकडे येतेय. त्या माणसाचा एक डावा आहेच, हा दुसरा. रंग मात्र फर्स्टक्लास जमलाय."

साच्यात सगळं आतबाहेर उलटं असतं, तिथे मामांना कळायचं कारण नाही. कान बाहेर आल्यावरच कळलं. मालक पांढराफटक पडला. नवीने काम घेतल्यापासून सहा कान बरोबर गेले, सातवा असा कसा? आणि तारीख तेरा. साचा सोमवारी मिळाला तर कान चोवीसला. तीन दिवस जरी घसरले तरी त्या माणसाची बस गेली.

मी सरळ नवीला विचारलं, सगळ्यांसमोर, "उलटवण्याचं काम कोणाकडे आहे?" तिने स्क्रीनवर काहीतरी उघडून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "मी बघते." बस्स! पुढे तोंडात मिठाची गुळणी. चूक केली तर निदान बोलावं तरी माणसाने. मला असली माणसं आवडत नाहीत.

१४ सप्टेंबर, शनिवार

कचेरीला सुट्टी. नवीची चूक शोधून सोमवारी तिच्या पुढ्यात ठेवावी म्हणून गेले.

आधी उलटवण्याचा मॅट्रिक्स पाहिला. बरोबर. मग तो इस्त्रीतून काढला. इस्त्री हे माझ्या लायब्ररीतल्या एका फंक्शनचं कचेरीतलं नाव. आकडे पुन्हा पुन्हा फिरवले की त्यांच्यात बारीक चुका साठतात, चौकोन किंचित वाकडा होतो. इस्त्री त्याच्या चुण्या काढते. माझी सगळ्यात आवडती शंभर ओळींची वस्तू.

इस्त्रीतून आलेला मॅट्रिक्स छापला. तिसऱ्या रांगेचं चिन्ह बदललेलं.

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. चष्मा पुसला. पुन्हा चालवलं. मग इस्त्री उघडली, कितीतरी वर्षांनी. मधोमध माझी स्वतःची ओळ: डिटर्मिनंट उणे आला तर तिसरी रांग उलटी कर. डिटर्मिनंट हा मॅट्रिक्समधून निघणारा एक आकडा. तो उणे आला की समजावं, वस्तू आरशातली झालीय, डाव्याची उजवी. तेव्हाचे स्कॅनर कधीकधी वस्तू आतबाहेर उलटी करून द्यायचे, म्हणून मी ठरवलं होतं की उणे म्हणजे चूकच. मुद्दाम कोणी कशाला आरशातलं मागेल?

आम्ही तेच मागतो. कान करणारी कचेरी दुसरं काय मागणार? नवीने आरसा धरला की माझी इस्त्री तो गुपचूप मोडणार, आणि उरणार नुसता गोल फिरवलेला डावा कान. तिचं उणे त्यावरचा उतारा होता. सहा कान त्या एका उण्यावर बरोबर गेले. सातव्याला मी ते पुसलं.

काखेत कळसा म्हणतात ते हेच. कचेरीच्या स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायले.

मग मी काय केलं ते खरंखरं लिहिते. उणे परत जागेवर ठेवलं. बदलांच्या नोंदीत लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती." साचा छापायला लावला आणि घरी आले.

१५ सप्टेंबर, रविवार. १३६/८६

कान वेळेत होणं महत्त्वाचं. कोणामुळे झालं आणि कोणामुळे बिघडलं, याने त्या माणसाचा चष्मा थोडाच राहणार आहे? आणि नवीने टीप लिहायला हवी होती. येऊन सांगायला हवं होतं. मी काय खाते का कोणाला?

हे नवऱ्याला विचारलं. "मी काय खाते का कोणाला?" तो भांडी विसळत होता. म्हणाला, "छे गं." जरा उशिरा म्हणाला.

जेवण गेलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार. १३४/८४

साचा आला. मामांना देण्याआधी खात्री करावी म्हणून त्यात खेळण्यातली माती दाबून बाहेर काढली आणि प्रसाधनगृहात जाऊन माझ्या उजव्या कानापाशी धरली. आरशात पाहिलं तर डावा! काढला, दुसऱ्या बाजूला लावला, आता काहीच कळेना. कुठला माझा, कुठला आरशातला. शेवटी मामा दारातून म्हणाले, "बाई, आरशापुढून हला आधी. इकडे या, माझ्या कानाला लावा." लावला. उजवा. मामा म्हणाले, "चौदा वर्षं हेच करताय ना तुम्ही?" एरवी मी सोडलं नसतं त्यांना.

दुपारी मालकाने आत बोलावलं. दार लावलं. म्हणाला, "नवीला या महिनाअखेर थांबवतोय." म्हणजे कामावरून.

मी म्हटलं, "बघ, तुला योग्य वाटेल ते."

हे वाक्य मी बोलले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला ते वेगळं आठवायला नको.

१८ सप्टेंबर, बुधवार. १३८/८८

नवी खण रिकामे करतेय. तिची कात्री, तिचा कप, एक जुना स्वेटर. माझ्याशी नेहमीसारखं बोलते, म्हणजे कामापुरतं. आज विचारलं, "मॅडम, इस्त्रीत काही बदल केलात का?"

"नाही."

"बरं."

तिने जरा रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रागाचं मला कळतं.

दोन रात्री झोप नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेले तर १६८. परत त्यांचंच यंत्र. नवरा म्हणतो, काळजी करू नकोस, घरी बघ कसा छान येतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी फोन वाजला, कोणी उचलेना म्हणून मी घेतला. बसचालक. "कान होतोय ना बाई?" होतोय म्हटलं. "घरी सराव करतोय. मुलगी लांबून आकडे धरते. काल चष्मा घसरला आणि चारचे नऊ वाचले. ती म्हणाली, 'बरोबर आहे बाबा'. मला कळतं हो. माझं मन राखायला म्हणते. पण तपासणीवाले थोडेच मन राखणार? घरी खोटं ऐकून काय उपयोग?"

मी फोन ठेवला आणि तशीच मालकाकडे गेले. बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "डावा कान माझ्यामुळे झाला. चूक इस्त्रीत आहे, चौदा वर्षांपासून. नवीने सांभाळून घेतली होती, मी तिचा उतारा पुसला. तिला काढू नकोस."

मालक पेन्सिलशी खेळत होता. म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. तेराला संध्याकाळीच तिने दाखवलं. बदलांच्या नोंदीत तुझं नाव आहे. चार तारखेचं. चौदाचंही."

"आणि तरी तू तिलाच काढतोस? लाज वाटत नाही?"

"मी कुठे काढतोय गं! तिनेच राजीनामा दिलाय. तुला नुसतं 'थांबवतो' म्हटलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर तू..."

"तर मी काय?"

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. हात त्याच्या टेबलावर होता. मी आपटला होता, आणि त्याचा चहा सांडला होता.

चौदा वर्षांचा मित्र. एका टेबलावर सुरुवात केली आम्ही. तो मला घाबरून खोटं बोलला.

"खरं कारण काय?" मी विचारलं, जमेल तितकं हळू.

"ती म्हणते, चूक सांगायला जिथे आधी धीर गोळा करावा लागतो, तिथे तिला काम करायचं नाही."

तिथून नवीकडे गेले. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, मॅडम. दुसऱ्या महिन्यात. तुम्ही म्हणालात, चौदा वर्षं चालतंय, तुला दोन महिन्यांत कळलं होय?"

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे.

"आणि मी एकटी नाही," असं म्हणून तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. इस्त्री वापरल्यानंतर लगेच काहीतरी उलटं करणाऱ्या जागा तिने शोधून ठेवल्या होत्या. सतरा. कुठे उणे, कुठे रांगांची अदलाबदल, कुठे इस्त्री टाळून काढलेली आडवाट. काही कधीच सोडून गेलेल्यांच्या. दोन मालकाच्या. एकावर टीप होती, नऊ वर्षांपूर्वीची: "असंच ठेवा. बाईंना विचारायला जाऊ नका." ते लिहिणाऱ्याच्या निरोपाला मी भाषण केलं होतं. काय कष्टाळू मुलगा, कधी उलट बोलला नाही, असं.

मला रडू आलं. नवीसमोरच. तिने रुमाल दिला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि तेच बरं केलं.

२५ सप्टेंबर, बुधवार. १३६/८४

कान बसवला. हाडात डॉक्टरांनी आधीच बसवलेल्या खुंट्या आहेत, त्यांना तो चुंबकाने धरतो, टक् असा आवाज येतो. मी कधी बसवायच्या वेळी जात नाही. आज गेले.

उजवा. बसचालकांनी इलॅस्टिक काढून खिशात घातलं, चष्मा चढवला, मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, मग जोरात, खड्ड्यातून बस गेल्यासारखी. चष्मा हलला नाही. त्यांची मुलगी "बाबा, पुरे" म्हणून ओरडली.

"इतके दिवस का लागले हो?" त्यांनी विचारलं. मालक तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "आधी डावा झाला होता. माझी चूक."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बरं झालं बोललात. पण बाई, मी सत्तावीसच्या धास्तीने मरत होतो रोज. हे लक्षात ठेवा."

ठेवलंय. त्यांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तीनला फोन यायचा होता. साडेचारला आला. पास. सोमवारपासून बस. मामांनी टाळी दिली. मी जिन्यात जाऊन बसले.

३० सप्टेंबर, सोमवार. १३४/८६

नवीचा शेवटचा दिवस.

शनिवारपासून आम्ही दोघी इस्त्री दुरुस्त करत होतो. शनिवारी ती यायला तयार होईल असं वाटलं नव्हतं. मी 'थांब ना इथे' असं तिला दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, दुसरीकडे ठरलंय. दुसऱ्यांदा तिने सरळ इस्त्री उघडली. एक ओळ काढली इस्त्रीतून, आणि मग एकेक करत सतरा उतारे. प्रत्येकाशी मी थांबायचे, कोणाचा ते वाचायचे. मालकाचे दोन त्याला बोलावून त्याच्याच हाताने काढायला लावले. तो म्हणाला, "मला वाटलं तू ओरडशील." मी म्हटलं, "मलाही."

शेवटचा नवीचा. बसचालकांच्या डाव्या कानाचं स्कॅन घेतलं, उणे नसताना उलटवलं, छापून मामांकडे धरलं. उजवा. चार वाजले होते. तिने पिशवी खांद्याला लावली, कप हातात घेतला, म्हणाली, "निघते मॅडम."

मी विचारलं, "इस्त्रीसारखं आणखी काही आहे का? माझ्या लायब्ररीत?"

ती थांबली. "खरंच विचारताय?"

"खरंच."

"दोन दिशांमधला कोन काढता ना तुम्ही. दोन्ही अगदी एका रेषेत आल्या की कधीकधी उत्तर आकडाच येत नाही. पूर्ण गणित बंद पडतं."

"शक्यच नाही," मी म्हणाले. मोठ्याने. पलीकडच्या खोलीत मामांची खुर्ची वाजलेली मला ऐकू आली. नवीचा चेहरा मिटला, तेराला मिटला होता तसा, आणि ती दाराकडे वळली.

"थांब," मी म्हटलं. "शक्यच नाही म्हणजे मला माहीत नव्हतं. बस जरा. दाखव."

तिने पिशवी खांद्यावरून काढली नाही. पण बसली, आणि दाखवलं. मग तिसरी चूक सांगितली. सहा वाजेपर्यंत माझी नऊ पानं भरली.